गर्भनिरोधक गोळी : कंदापासून माहितीपत्रकापर्यंत

१९२१ हे साल संततिनियमनाच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी मुंबईत विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तसेच केंद्र सुरू केले. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे लुडविग हाबरलान्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सशांवरील आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या तीन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. स्टोप्स आणि कर्वे यांच्यापुढे प्रश्न होता तो सतत लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांचा. हाबरलान्ट यांच्या प्रयोगात त्या प्रश्नाच्या एका उत्तराचे बीज होते. बीज आणि उत्तर यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली. ती कशी गेली, त्या काळात कोणी काय दिले आणि कोणाला काय सोसावे लागले, हे आपण या लेखात पाहू.

शरीराचीच युक्ती

गरोदर स्त्रीला पुन्हा दिवस जात नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. पण का जात नाहीत? हाबरलान्ट यांनी गाभण सशिणीचे अंडाशय काढून दुसऱ्या, गाभण नसलेल्या सशिणीच्या शरीरात बसवले. त्या सशिणीला नराचा सहवास मिळूनही काही काळ गर्भधारणा झाली नाही. याचा अर्थ, गर्भारपणात अंडाशयातून असे काही रसायन स्रवते, की ज्यामुळे नवे बीजांड बाहेर पडत नाही. हे रसायन पोटात घेता आले, तर गर्भधारणा तात्पुरती थांबवता येईल, असे हाबरलान्ट यांनी स्पष्टपणे मांडले. या विचारामुळे त्यांच्यावर कडक टीका झाली. १९३२ साली त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचे काम बरेचसे विस्मृतीत गेले.

१९३४ मध्ये हे रसायन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याचे नाव प्रोजेस्टेरॉन. १९३७ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत प्रोजेस्टेरॉन टोचल्यावर सशिणीमध्ये अंडमोचन होत नाही, हे सिद्ध झाले.

ही क्रिया वर्गात सांगताना घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण उपयोगी पडते. टाकी भरली की आतला तरंगता गोळा वर येतो आणि येणारे पाणी बंद होते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके पाठवून अंडाशयाला कामाला लावते. एकामुळे बीजांडाची वाढ होते, तर दुसऱ्यामुळे ते बाहेर पडते. अंडाशयातून येणारी ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके रक्तात पुरेशी साठली, की पीयूषिका ग्रंथी हात आखडता घेते. गर्भारपणात ही पातळी सतत उंच राहते. गोळी हेच करते. बाहेरून संप्रेरके देऊन ती टाकी भरल्याचा संकेत देते. पीयूषिका ग्रंथी स्वस्थ बसते आणि अंडमोचन होत नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते.

कंदातील रसायन

तत्त्व कळले तरी दोन अडचणी होत्या. पहिली, प्रोजेस्टेरॉन अतिशय महाग होते. प्राण्यांच्या अवयवांतून ते काढावे लागे आणि एका ग्रॅमला सुमारे ८० डॉलर पडत. दुसरी, ते पोटातून घेतले तर यकृतात त्याची मोडतोड होऊन फारच थोडे उरे.

पहिली अडचण रसेल मार्कर या हट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सोडवली. काही वनस्पतींत डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रेणूचा सांगाडा प्रोजेस्टेरॉनच्या सांगाड्याशी जुळतो. मोजक्या रासायनिक पायऱ्यांत त्याचे प्रोजेस्टेरॉन करता येते, हे मार्कर यांनी दाखवले. हे द्रव्य भरपूर देणारी वनस्पती शोधत ते मेक्सिकोच्या जंगलापर्यंत पोहोचले. तेथे त्यांना ‘काबेसा दे नेग्रो’ या नावाचा प्रचंड कंद सापडला. आपल्याकडील कोनफळ आणि करांदा हे याच डायोस्कोरिया कुळातले. अमेरिकेतील औषध कंपनीने या कामात पैसे घालायला नकार दिला. तेव्हा मार्कर यांनी स्वतःच कंद गोळा करवून १९४३ मध्ये तीन किलोच्या आसपास प्रोजेस्टेरॉन बनवले. तेव्हाच्या भावाने त्याची किंमत सव्वादोन लाख डॉलरच्या वर होते! १९४४ साली मेक्सिको शहरात त्यांच्या सहभागाने सिन्टेक्स ही कंपनी स्थापन झाली. वर्षभरातच भागीदारांशी न पटल्याने मार्कर बाहेर पडले, पण संप्रेरकांचे भाव मात्र कोसळले ते कोसळलेच. पुढे बार्बास्को नावाचा दुसरा कंद अधिक उपयुक्त ठरला. जंगलात शिरून तो खणून आणणारे हजारो मेक्सिकन शेतकरी हेही या इतिहासातले भागीदार होत, जरी त्यांच्यापैकी बहुतेकांना कंदाचे पुढे काय होते याची कल्पना नव्हती.

दुसरी अडचण सुटली ती रेणूच्या रचनेत केलेल्या दोन बदलांनी. अशा रेणूच्या १७ व्या कार्बनपाशी असिटिलीनचा तुकडा जोडला तर तो पोटातून घेतल्यावरही टिकतो, हे जर्मन संशोधकांना १९३८ साली आढळले होते. १९ क्रमांकाचा कार्बन काढून टाकला तरी प्रोजेस्टेरॉनची क्रिया टिकते, असेही दुसऱ्या एका कामातून दिसले होते. सिन्टेक्समध्ये कार्ल जेरासी यांच्या गटाने हे दोन्ही बदल एकाच रेणूत केले. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंतेस या तरुण मेक्सिकन रसायनशास्त्रज्ञाने शेवटची पायरी पूर्ण केली आणि नॉरएथिस्टेरॉन तयार झाले. त्या वेळी उद्देश मासिक पाळीच्या तक्रारींवर औषध शोधण्याचा होता, गर्भनिरोधनाचा नव्हता. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतील सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी नॉरएथिनोड्रेल हे त्याचे भावंड बनवले. दोघांत फरक आहे तो केवळ एका दुहेरी बंधाच्या जागेचा.

दोन स्त्रिया आणि तीन संशोधक

रेणू तयार होता, पण तो गर्भनिरोधक म्हणून तपासायला कोणी धजावत नव्हते. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधनाची साधने आणि माहितीही टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले होते. सरकार, विद्यापीठे आणि बड्या कंपन्या या विषयापासून चार हात दूर राहत.

ही कोंडी फोडली ती दोन वयस्कर स्त्रियांनी. मार्गारेट सँगर या अकरा भावंडांतील सहाव्या. त्यांच्या आईला अठरा वेळा दिवस गेले होते आणि ती क्षयाने गेली. परिचारिका म्हणून न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करताना सँगर यांनी वारंवारच्या बाळंतपणांनी आणि चोरून केलेल्या गर्भपातांनी मरणाऱ्या बायका पाहिल्या. १९१६ साली ब्रुकलिनमध्ये केंद्र उघडल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. १९३५ च्या डिसेंबरात त्या वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजींना स्त्रियांचे दुःख मान्य होते, पण कृत्रिम साधने मान्य नव्हती. संयम हाच त्यांचा उपाय होता. दोघांचे एकमत झाले नाही. १९५२ च्या नोव्हेंबरात सँगर पुन्हा भारतात आल्या त्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी. याच परिषदेत कुटुंबनियोजनाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि धन्वंती रामा राव व सँगर त्याच्या संयुक्त अध्यक्ष झाल्या.

दुसऱ्या कॅथरीन मॅककॉर्मिक. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९०४ साली जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या या बाईंच्या हाती पतीच्या निधनानंतर मोठी संपत्ती आली. ८ जून १९५३ रोजी सँगर त्यांना घेऊन वुस्टर येथील एका लहानशा खाजगी संशोधनसंस्थेत गेल्या. तेथे ग्रेगरी पिंकस आणि चीनमधून आलेले मिन च्युए चांग हे प्रोजेस्टेरॉनचे सशांवर प्रयोग करीत होते. मॅककॉर्मिक यांनी या कामाला एकूण सुमारे २० लाख डॉलर दिले. सरकारी अनुदानाचा त्यात वाटा नव्हता. चांग यांनी सुमारे २०० संयुगे तपासून त्यांतली सर्वांत प्रभावी निवडली. नॉरएथिस्टेरॉन आणि नॉरएथिनोड्रेल त्यांतलीच.

स्त्रियांवरील प्रयोगांसाठी पिंकस यांनी जॉन रॉक या स्त्रीरोगतज्ज्ञांची मदत घेतली. रॉक हे श्रद्धाळू कॅथलिक. ते वंध्यत्वावर उपचार करीत आणि त्यासाठीच प्रोजेस्टेरॉन वापरत. १९५४ मध्ये त्यांनी ५० स्त्रियांना नवी संयुगे दिली. गोळ्या चालू असताना एकीतही अंडमोचन झाल्याची खूण दिसली नाही.

येथे एक चूकही कामी आली. सुरुवातीच्या नॉरएथिनोड्रेलमध्ये मेस्ट्रॅनॉल या ईस्ट्रोजेनची भेसळ असल्याचे लक्षात आले. ती काढून टाकली, तर मध्येच रक्तस्राव होऊ लागला. म्हणजे ही ‘अशुद्धी’ उपयोगाचीच होती! मग ती मोजून परत घालण्यात आली. आजच्या मिश्र गोळीत दोन संप्रेरके असतात, त्यामागे ही हकिकत आहे.

चाचणी कोणावर?

या इतिहासाचे पुढचे पान आम्हा संशोधकांना अडचणीत टाकणारे आहे. ते वगळून विज्ञानाची विजयगाथा सांगणे सोपे आहे, पण तो खरा इतिहास होणार नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने गर्भनिरोधनाच्या मोठ्या चाचण्या शक्य नव्हत्या. वुस्टरच्या मनोरुग्णालयातील काही रुग्णांना ही औषधे देण्यात आली. अशा रुग्णांच्या संमतीला काय अर्थ असणार? मोठ्या चाचणीसाठी पोर्तो रिको हे बेट निवडले गेले. तेथे गर्भनिरोधन कायदेशीर होते, दवाखाने होते, दाट वस्ती आणि गरिबी होती. १९५६ च्या एप्रिलमध्ये रिओ पिएद्रास येथील नव्या घरांच्या वसाहतीत चाचणी सुरू झाली. स्त्रिया आपण होऊन आल्या, कारण त्यांना आणखी मुले नको होती. गोळीने दिवस जात नाहीत, हे त्यांना सांगितले गेले. पण हा प्रयोग आहे आणि दुष्परिणाम पुरते माहीत नाहीत, हे सांगितले गेले नाही.

चाचणीची जबाबदारी सांभाळणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी प्रामाणिक अहवाल दिला. गोळी नियमित घेतली तर ती गर्भधारणा रोखते, पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास झाले. सर्वसाधारण वापरासाठी हे प्रमाण जास्त आहे, असे त्यांचे मत होते. पिंकस आणि रॉक यांनी बऱ्याच तक्रारी मानसिक म्हणून बाजूला ठेवल्या. चाचण्यांच्या काळात तीन स्त्रियांचे मृत्यू झाले. शवविच्छेदन झाले नाही. गोळीचा त्या मृत्यूंशी संबंध होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही.

‘तेव्हा नियमच नव्हते’ असे यावर म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. माणसावरील प्रयोगासाठी त्याची स्वेच्छेची, समजून दिलेली संमती हवी, हे तत्त्व न्युरेंबर्ग येथे १९४७ मध्येच लिहिले गेले होते. पण ते युद्धगुन्हेगारांसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे, असे सज्जन संशोधकांनाही वाटत असे. पिंकस आणि रॉक दुष्ट नव्हते. लाखो स्त्रियांच्या भल्याचे काम आपण करीत आहोत, या खात्रीने ते समोरच्या शेकडो स्त्रियांना विचारायचे विसरले. आम्हाला ही गोष्ट दुष्टपणापेक्षाही अधिक विचार करायला लावते, कारण हा मोह कोणालाही पडू शकतो.

माहितीपत्रकाचा जन्म

१९५७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एनोविड’ ही गोळी मासिक पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर केली. ती अंडमोचन थांबवते, अशी सूचना पाकिटावर होती. आश्चर्य असे, की त्यानंतर पाळीच्या तक्रारी असलेल्या अमेरिकन स्त्रियांची संख्या एकाएकी लाखांच्या घरात गेली! १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून तिला मान्यता मिळाली. १९६५ पर्यंत सुमारे ६५ लाख अमेरिकन स्त्रिया गोळी घेत होत्या. विवाहित जोडप्यांना गर्भनिरोधके वापरण्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने याच १९६५ साली मान्य केला. अविवाहितांना त्यासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले. १९६८ मध्ये पोपनी कृत्रिम गर्भनिरोधनाला मनाई केली आणि जॉन रॉक यांची आशा मावळली.

दरम्यान काळजीच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची नोंद झाली. पुढील अभ्यासांत ईस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रेशी गुठळ्यांचा संबंध दिसून आला. १९६९ साली बार्बरा सीमन या पत्रकार बाईंनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि १९७० च्या जानेवारीत अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी भरली. साक्षीला तज्ज्ञ होते, पण गोळी घेतलेली एकही स्त्री नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणी उठल्या आणि ‘आम्हाला कोणी का विचारत नाही?’ असा सवाल करू लागल्या. सुनावणी गाजली. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणे तेथे सक्तीचे झाले. डॉक्टरला माहिती असली की पुरे, रुग्णाने विचारू नये, या समजुतीला तेव्हापासून तडा गेला.

मात्राही खाली आली. सुरुवातीच्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम ईस्ट्रोजेन असे. आज बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते. धोका शून्य झालेला नाही. वर्षभरात दर १०,००० स्त्रियांमागे गुठळीचा त्रास गोळी न घेणाऱ्या १ ते ५ जणींना होतो, गोळी घेणाऱ्या ३ ते ९ जणींना आणि गरोदर स्त्रियांपैकी ५ ते २० जणींना. म्हणजे गोळीने धोका वाढतो, पण गर्भारपणाने तो त्याहून वाढतो. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तरच चित्र पुरे होते. पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनी ही गोळी घेऊ नये. स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, तर अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा कमी होतो. म्हणूनच गोळी वैद्यकीय सल्ल्याने घ्यायची असते.

समाज किती बदलला?

गोळीने जग बदलले असे सर्रास म्हटले जाते. शिक्षकांनी येथे विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव तपासायला लावावे. अमेरिकेतील जन्मप्रमाण १९५७ नंतर, म्हणजे गोळीच्या आधीच, उतरू लागले होते. जपानमध्ये तर गोळीला १९९९ पर्यंत परवानगी नव्हती, तरी तेथील कुटुंबे त्याच्या कितीतरी आधी लहान झाली होती. (पुरुषांसाठीच्या व्हायग्राला मात्र तेथे सहा महिन्यांत परवानगी मिळाली. त्यावरून ओरड झाल्यावर गोळीची फाईल हलली!) शिक्षण मिळाले आणि मुले जगू लागली, की माणसे उपलब्ध साधनांनी कुटुंब लहान ठेवतात.

मग गोळीने काय बदलले? निर्णय स्त्रीच्या हाती आला. पतीच्या सहकार्यावर तो अवलंबून राहिला नाही, आणि मूल ‘कधी’ हे ठरवता येऊ लागले. अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत स्त्रिया १९७० साली १० टक्के होत्या, १९८० साली ३६ टक्के. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवले, की यात तरुण अविवाहित स्त्रियांना मिळालेल्या गोळीचा वाटा होता. समान संधीचे कायदे आणि स्त्रीचळवळ यांचाही होता. अनेक वर्षांचे शिक्षण हाती घ्यायचे, तर ते मध्येच सुटणार नाही याची थोडी तरी खात्री लागते.

आपल्याकडे

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. ‘माला-एन’ सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. तिच्या २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तर संपूर्ण वेगळ्या प्रकारची, संप्रेरक नसलेली गोळी शोधून काढली. सेंटक्रोमन हे तिचे नाव. १९९१ मध्ये ती ‘सहेली’ म्हणून बाजारात आली आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, एवढीच ती घ्यावी लागते.

असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी गोळी वापरणाऱ्या ५.१ टक्केच आढळल्या. ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के, जरी ती शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. अनेक वर्षे आपला कार्यक्रम शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांवर चालला. ती उद्दिष्टे १९९६ मध्ये रद्द झाली, पण सवय राहिली. शस्त्रक्रिया वाईट नाही. मात्र पहिले मूल उशिरा हवे असणाऱ्या किंवा दोन मुलांत अंतर हवे असणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही, आणि दुसरे पर्याय तिला कोणी सांगितलेले नसतात.

येथे पुन्हा कर्व्यांची आठवण होते. या कामापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो लढवला. प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला नको का, असा तो वाद होता. खटला ते हरले. पण वाद मिटलेला नाही. प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचून या’ असे सांगणारे वर्ग आजही आहेत.

आमची एक सूचना आहे. त्या धड्याच्या दिवशी गोळीच्या पाकिटातले माहितीपत्रक वर्गात आणावे. त्यात संप्रेरकांची नावे आहेत, मात्रा आहेत, कोणी घेऊ नये ते आहे. अंडमोचनाची आकृती फळ्यावर काढून, गोळी नेमकी कोठे काम करते, ते मुलामुलींनाच शोधायला लावावे. आणि शेवटी, हा कागद पाकिटात कसा आला, ती हकिकत सांगावी. औषध काय करते हे घेणाऱ्याला कळले पाहिजे, ही साधी गोष्टही कोणाला तरी उठून मागावी लागली, हे त्यांना त्यातून कळेल.